पाठीमागचा माल

१

सगुणेने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तुमचा हा मुलूख मला एक दिवस फिरून दाखवा, मग मी चुलीला जुंपून घेते.

ती राजापूरची. गलबताने मुंबई, मुंबईहून आगगाडीने घाट ओलांडून अकोला, असा प्रवास करून ती नुकतीच वऱ्हाडात उतरली होती. राजापूरच्या हिशेबी हा परमुलूखच. राज्य निजामाचं, कारभार इंग्रजांचा, माती काळी, आणि बोली अशी की भाजीवाली भाव सांगते आहे की भांडते आहे हेच कळू नये.

तिच्या नवऱ्याला, त्रिंबकरावांना, इथे येऊन तीन वर्षं झाली होती. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव आला. त्या धामधुमीत राजापूरचा हा साधा कारकून कापसाचा दलाल होऊन बसला. त्याची पत्रं यायची. घरात माणसाच्या उंचीचे आरसे लावले, बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं बांधली, असं सगळं त्यात असायचं. 'तू ये' एवढं मात्र कधी नसायचं. मग लढाई संपली, भाव कोसळला, आणि निघून ये असं पत्र आलं. अकोल्याच्या घरात पाऊल टाकताच भिंतींवर आरशांच्या जागी उरलेले फिकट चौकोन सगुणेने पाहिले. स्वयंपाकीही सोडून गेला होता. वैभवात जिची आठवण झाली नाही तिला आता का बोलावलं, हे न कळण्याइतकी ती बावळट नव्हती. तिने शब्द काढला नाही, पण कडू घोट घशाखाली उतरला तो उतरलाच.

अमावास्येला कापसाचा बाजार बंद असतो. त्या दिवशी वऱ्हाडात कोणी दलाल सौदा करत नाही, कोणी करायला गेलाच तर लोक त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. म्हणून माघातली अमावास्या फिरण्यासाठी ठरली. अकोल्याचा किल्ला, असदगड, आदल्या संध्याकाळी मोर्णा नदीच्या काठावरून दाखवून झाला होता. आता पहाटेच्या गाडीने अकोल्याहून बडनेरा, तिथून दमणीत बसून अमरावती, आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. हाकणारा अब्दुल गफ्फार त्रिंबकरावांच्या ओळखीचा होता. भरभराटीच्या दिवसांत ते अमरावतीला आले की तोच त्यांना बाजारात न्यायचा.

"बसा बाई, सावकाश," तो म्हणाला. "आमची अमरावती पाहाले आल्या, लय चांगलं केलं."

रस्ताभर त्रिंबकराव बोलत होते. बाजार, बाजार आणि बाजार. तीन वर्षांनी भेटलेल्या बायकोला सांगायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"इथे भाव तोंडाने बोलायचाच नाही," ते म्हणाले. "दोघांनी रुमालाखाली हात घालायचे. विकणारा समोरच्याचं एकेक बोट दाबत जातो, तसा भाव चढतो. घेणाऱ्याला पटलं की तो विकणाऱ्याची मूठ करकचून दाबतो. झाला सौदा."

"पण सौदा कुठल्या मालाचा, ते कसं कळतं?"

"विकणाऱ्याच्या पाठीशी जो माल असेल त्याचा. कास्तकाराच्या बंडीकडे, म्हणजे शेतकऱ्याच्या बैलगाडीकडे, मी पाठ करून उभा राहतो. माझ्या पाठीमागे असेल ते मी विकतोय. नाव घ्यायला नको, बोट दाखवायला नको. मग घेणाऱ्याचा माणूस येऊन मालावर गेरूची रेघ ओढतो. विकला."

"आणि चुकून झाला तर?"

"दिवेलागणीपर्यंत फिरवता येतो. पुन्हा रुमालाखाली हात घालायचा आणि तळवा उताणा करून धरायचा. पण असा तळवा दाखवणाऱ्या दलालाचा हात बाजारात पुन्हा कोणी धरत नाही." त्यांनी मान ताठ केली. "मी आजवर एकदाही फिरवलेला नाही."

२

बाजाराचं मैदान ओसाड पडलं होतं. एरवी इथे बंड्यांना उभं राहायला जागा नसते म्हणे. आज कुंपणाच्या काट्यांना, कडुनिंबाच्या फांद्यांना, गटाराच्या कडेला, सगळीकडे कापसाचे पुंजके चिकटून राहिले होते आणि वारा पडलेला असूनही ते अधूनमधून हलत होते. गफ्फार दमणी घेऊन फाटकाबाहेर थांबला. आत ही दोघंच.

दोघंच नव्हती. मैदानाच्या मध्यावर आवळून बांधलेल्या कापसाची एक गठाण पडली होती आणि तिच्यावर एक माणूस बसला होता. मुंडासं कपाळावर खाली ओढलेलं. मांडीवर एक धुतलेलं पांढरं उपरणं पसरलेलं. आणि ते उपरणं मधोमध थोडं उचललं गेलं होतं, खाली कोणी हात धरावा तसं.

"बाजार बंद आहे ना हो आज?" त्रिंबकरावांनी विचारलं.

उपरणं आणखी थोडं उचललं गेलं.

सगुणेला वाटलं, आता हे हसून पुढे निघतील. पण त्रिंबकराव थांबले. गेले कित्येक दिवस बाजारात त्यांच्यासमोर कोणी रुमाल धरला नव्हता, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तरी तिला त्यांच्या चालण्यावरून ते कळलं होतं. समोर रुमाल दिसताच त्यांचे खांदे वर आले.

"बघ हं, गंमत दाखवतो," ते म्हणाले आणि त्यांनी उपरण्याखाली हात घातला.

सगुणा त्यांच्या मागे उभी होती. तिथून तिला नवऱ्याची पाठ दिसत होती आणि पाठीच्या कडेने हलणारं उपरणं. गंमत असती तर ती लगेच संपायला हवी होती. ती संपेना. त्रिंबकरावांच्या मानेवर घाम आला. ते पुढे वाकले, मग मागे झाले, मग परत वाकले. उपरणं सळसळत होतं, आणि त्या सबंध मैदानात तेवढाच आवाज होता.

मग तिचं लक्ष त्या माणसाच्या हातांकडे गेलं. डावा हात त्याच्या डाव्या गुडघ्यावर होता. उजवा हात उजव्या गुडघ्यावर. दोन्ही उघडे, दोन्ही स्वस्थ.

उन्हात डोळे दिपले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पुन्हा नीट पाहावं म्हणून ती एक पाऊल सरकणार, तेवढ्यात तिच्या मानेखाली काहीतरी ओलं, गार टेकलं आणि सरळ रेघेत पाठीवरून खाली गेलं. एखाद्याने अंगठा ओढावा तसं. ती गर्रकन वळली. मागे कुंपणापर्यंत मोकळं मैदान होतं.

ती परत वळली तेव्हा त्रिंबकराव हात धोतराला पुसत होते. त्यांचा चेहरा खुलला होता. तो बसलेला माणूस त्यांच्याकडे पाहतच नव्हता. त्यांच्या खांद्यावरून मागे, सगुणेकडे पाहत होता, आणि त्या नजरेत वाईट असं काही नव्हतं. ओझं उचलण्याआधी हमाल त्याकडे बघतो, तेवढंच ते बघणं होतं.

"काय ठरलं?" तिने फाटकाशी आल्यावर विचारलं.

"काही नाही गं. गंमत." त्रिंबकराव गुणगुणायला लागले होते. तिच्याकडे न बघताच ते दमणीत चढले.

३

अंबादेवीच्या देवळात गर्दी होती. माणसं पाहून सगुणेला बरं वाटलं. हीच ती देवी, रुक्मिणी हिच्याच दर्शनाला आली आणि श्रीकृष्णाने तिला इथूनच पळवलं, असं त्रिंबकराव सांगत होते. सगुणा ऐकत होती, पण तिचं चित्त पाठीवर होतं.

पुजाऱ्याने त्रिंबकरावांच्या हातावर तीर्थ घातलं. पुढे केलेला सगुणेचा हात ओलांडून तो तिच्या मागच्या बाईकडे वळला. पुजाऱ्यांना सवड कुठे असते, ती मनाशी म्हणाली आणि तिने हात पुन्हा पुढे केला. पुजाऱ्याने तिसऱ्या माणसाला तीर्थ दिलं. ती तिथे नाहीच, असं नव्हतं. कोणाची तरी वस्तू वाटेत ठेवलेली असावी, तसा तो तिला चुकवून हात लांबवत होता.

बाहेर ओटीचं सामान विकणारी माणिकबाई म्हणून एक थोराड बाई बसली होती. तिने सगुणेला हाक मारली.

"बाई, तुमच्या पाठीवर गेरू लागला हाये. कुठं टेकल्या होत्या?"

सगुणेचा हात मानेमागे गेला. तरी ती म्हणाली, "दमणीला घासलं असेल."

"या इकडं, पुसून देतो. नवं लुगडं दिसते."

विहिरीच्या आडोशाला माणिकबाईने ओलं फडकं घेतलं. "निघाला पाहा लगेच," ती म्हणाली. मग थांबली. "पण खाली चोळीवर बी हाये." तिने पुन्हा घासलं. पुन्हा थांबली. आता तिचा हात सगुणेच्या मानेखालच्या उघड्या कातडीवर होता. फडकं फिरत राहिलं, आधी हळू, मग जोरात, आणि सगुणेला झोंबायला लागलं.

"काय झालं हो?"

"हा नाई निघत." माणिकबाईचा आवाज बदलला होता. "हा आजचा नाई वाटत बाई. जुना वळ असल्यावानी हाये. जलमापासून असंन."

"माझ्या पाठीवर कसलीच खूण नाही," सगुणा म्हणाली. जन्मापासून तिची पाठ तिच्या आईने, बहिणींनी चोळली होती. तिला नसती ठाऊक?

माणिकबाईने फडकं पाण्यात टाकलं आणि ते परत काही उचललं नाही. सगुणेने ओटीचं सामान मागितलं तर तिने हात आखडता घेतला.

"तुमी तुमच्या मालकाले इचारून या," ती म्हणाली. "मग देतो."

मालक म्हणजे नवरा, इथे तसंच म्हणतात, हे सगुणेला माहीत होतं. तरीही ती त्या शब्दापाशी बराच वेळ अडखळून राहिली.

४

जेवणं झाल्यावर एका बड्या व्यापाऱ्याची कापसाची वखार बघायची होती. तिथला रखवालदार कुर्बान त्रिंबकरावांना ओळखत होता. त्याने मोठं दार अर्धं उघडलं आणि स्वतः बाहेर सावलीला बसून राहिला.

आत कापूस होता. एवढंच सांगता येतं. जमिनीपासून कौलांपर्यंत कापूस, मधून माणूस जाईल एवढी वाट, आणि वरच्या झरोक्यातून आलेलं पांढुरकं ऊन. सगुणा दोन पावलं आत गेली आणि तिच्या काकणांचा आवाज बंद झाला. तिने हात मुद्दाम हलवला. काकणं एकमेकींवर आपटताना दिसली, पण ऐकू आली नाहीत.

"आवाज कापूस पितो," त्रिंबकराव म्हणाले. अगदी शेजारी असूनही ते भिंतीपलीकडून बोलल्यासारखे वाटले. त्यांनी ढिगातून चिमूटभर रुई उपसली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि हलके ओढली. "गिऱ्हाईक माल घेतल्यावर असं बघतं. तंतू लांब निघाला तर माल चांगला. तुटला तर खोड काढतं. थांब, दाब कुठे आहे ते बघून येतो. गठाणी आवळायचं यंत्र आहे, बघण्यासारखं आहे."

ते वळणापलीकडे गेले आणि त्यांची पावलं त्याच क्षणी थांबल्यासारखी झाली.

सगुणा उभी राहिली. तिला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ती तशी भित्री नव्हती. राजापूरला पावसाळ्याच्या तोंडी, आगोटीच्या वादळात तिने एकटीने घर सांभाळलं होतं. आपण प्रवासाने थकलो आहोत, रात्री नीट झोप नाही, नवऱ्यावर राग आहे आणि रागाचं मन भलतंसलतं दाखवतं, असं तिने एकामागून एक स्वतःला समजावलं. सगळं पटलंही.

तेव्हा कोणीतरी तिच्या अंबाड्यातून एक केस उपसला.

झटका नव्हता. ओढणारे हात सरावाचे होते. केस सुटला तेव्हा बारीकशी कळ आली, आणि मग उजव्या कानाच्या अगदी जवळ, त्या मुक्या जागेत, तिला एक आवाज स्पष्ट ऐकू आला. चिमटीत धरलेला केस ताणला जात होता. ताणला गेला, ताणला गेला, आणि तुटला नाही.

मागून कोणीतरी समाधानाने श्वास सोडला.

"अहो!" सगुणा ओरडली. तिच्या तोंडातून निघालेला शब्द तिलाच ऐकू आला नाही. ती धावत दाराबाहेर आली तेव्हा कुर्बान बिडी ओढत बसला होता. तो दचकून उठला, त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे, आणि वाट मोकळी करून चांगलाच लांब सरकला.

त्रिंबकराव मागून आले ते यंत्राचं कौतुक करतच. ती मध्येच बाहेर का आली, हे त्यांनी विचारलं नाही. सगुणेला तेच जास्त लागलं.

५

अमरावतीभोवती दगडी परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलेला. त्याच्या एका खिडकीपाशी, म्हणजे लहान दरवाजापाशी, गफ्फारने बैल सोडले आणि त्रिंबकराव तटाकडे बोट दाखवून सांगू लागले, तेव्हा सगुणा म्हणाली, "पुरे. मला आधी एक सांगा. सकाळी त्या माणसाला काय विकलंत?"

"कुठल्या माणसाला?"

"तुमच्या पाठीमागे कोण उभं होतं?"

त्रिंबकराव हसले. मग त्यांनी हसणं आवरलं. "वेडी आहेस का? तो काही सौदा नव्हता. बाजार बंद होता. तो कोण, कुठला, मला माहीतसुद्धा नाही."

"मग इतका वेळ कसला भाव करत होता?"

ते तटाच्या दगडावर नख घासत राहिले. सगुणा त्यांच्यासमोरून हलली नाही. मूग गिळून बसायचे दिवस संपले होते.

"सवय लागते," शेवटी ते म्हणाले. "हात हातात आला की बोटं आपोआप बोलतात. मी उगाच एक बोट दाबलं. समोरून कबूल. दुसरं दाबलं. तेही कबूल. सगुणा, तुला कळायचं नाही. लढाईच्या ऐन दिवसांतसुद्धा असा भाव कोणी दिला नव्हता. मी दाबत गेलो आणि समोरचा हात कबूल होत गेला."

"कशाचा भाव, हे तुमच्या मनात आलं नाही?"

आलं होतं. त्यांच्या मानेच्या लालीवरून तिला ते दिसलं.

"त्याचे दोन्ही हात गुडघ्यावर होते," ती म्हणाली. "तुम्ही कोणाचा हात धरला होता?"

"लहान होता," ते हळूच म्हणाले. "बाईमाणसाचा असावा. काकणं लागली बोटांना."

आणि तरी त्यांनी हात काढून घेतला नव्हता.

गफ्फार बैलांना पाणी दाखवत होता. तो ऐकत नव्हता असं नाही. आता तो पुढे आला, पण सगुणेच्या फार जवळ आला नाही.

"साहेब, राग नका मानू. बाईंच्या पाठीवरची रेघ म्या पाह्यली. सकाळपासून पाहून राहिलो. माही हिंमत नाई झाली सांगाची. अजून उजेड हाये. जाऊन हात उताणा करून टाका."

"कुठे जाऊ? तो माणूस काय तिथे बसून असेल?"

"माल जिथं जाते तिथं घेणारा राह्यतेच. तुमी काहून घाबरता? एकदा तळवा दाखवाचा, बस."

"घाबरत नाही रे! उद्या बाजारात कळलं की मी सौदा फिरवला, तर माझा हात कोण धरणार? आधीच..." ते थांबले.

"आधीच कोणी धरत नाही," सगुणा म्हणाली. "म्हणून तर सकाळी धरलात."

ते शब्द बोलून तिला बरं वाटलं, आणि लगेच रडू आलं. तिला भीती वाटत होती, हे तिने आता उघड सांगितलं. पाठीची खूण, पुजारी, वखारीतला केस, सगळं. तीन वर्षांत तुम्ही मला एक लुगडं पाठवलं नाही, तरी मी कधी मागितलं नाही, आज मागते, असं ती म्हणाली. मला परत घ्या.

त्रिंबकरावांनी नखातली धूळ झटकली.

"बरं, बाई," ते म्हणाले. "दिसला तर फिरवतो. झालं समाधान?"

६

बडनेऱ्याला पोचले तेव्हा सूर्य बुडत होता. गफ्फारने त्यांना स्टेशनाच्या दाराशी उतरवलं. सगुणा उतरल्यावर त्याने तिची बसायची जागा पाण्याने पुसून काढली आणि तिने पाहिलं हे कळल्यावर तो शरमला. "खुदा हाफिज बाई," एवढंच म्हणून तो निघून गेला.

फलाट लांब होता आणि माणसं थोडी. एका टोकाला रेल्वेचा माणूस शिडी घेऊन कंदील लावायला निघाला होता. दुसऱ्या टोकाला, जिथे फलाट संपून काळं रान सुरू होत होतं, तिथे एका गठाणीवर तो बसला होता. मुंडासं खाली ओढलेलं. मांडीवर पांढरं उपरणं.

त्रिंबकरावांनी त्याला पाहिलं. त्यांची पावलं मंद झाली.

"आता जा," सगुणा म्हणाली. "फक्त तळवा उताणा करायचा. बोलावंही लागत नाही."

ते गेले. ती काही पावलं मागे थांबली, त्यांच्या पाठीशी. गारठा वाढत होता, म्हणून तिने पदर अंगाभोवती ओढून हात आत घेतले. तिच्या मागे पहिला कंदील लागला.

त्रिंबकराव गठाणीसमोर उभे राहिले. उपरणं उचललं गेलं. त्यांनी हात आत घातला.

त्याच क्षणी पदराच्या आत कोणीतरी सगुणेचा उजवा हात धरला.

ती ओरडली नाही, कारण तो हात तिच्या ओळखीचा होता. करंगळी वाकडी. मधल्या बोटावर लेखणीने पडलेला घट्टा. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर धरलेला हात तो. नवरा समोर पाठ करून उभा होता, त्याचा हात त्या परक्या उपरण्यात कोपरापर्यंत गेला होता, आणि इथे, तिच्या पदराखाली, तो हात तिच्या हातात होता. गठाणीवरच्या माणसाचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मुंडाशाखाली जिथे चेहरा असायला हवा होता तिथे तिने एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

म्हणजे सकाळीही त्यांनी माझाच हात धरला होता का? माझ्याच बोटांशी त्यांनी माझा भाव केला? तिला काही आठवत नव्हतं. आठवायला वेळही नव्हता.

दुसरा कंदील लागला.

ती वाट बघू लागली. आता तळवा उलटेल. त्रिंबकरावांची बोटं तिच्या बोटांत नुसती पडून होती, घामेजलेली. तिने स्वतःच त्यांचं मनगट धरलं आणि तळवा उताणा करायचा प्रयत्न केला. हळूच, समजावल्यासारखा. समोर त्यांची पाठ ताठ झाली. मनगट घट्ट झालं. कोणीतरी आपल्याशी घासाघीस करतं आहे, एवढंच त्यांना कळलं असावं.

"अहो," ती म्हणाली. फलाट उघडा होता, कापूस कुठेच नव्हता, तरी तो शब्द कोणालाच ऐकू गेला नाही.

मग त्यांच्या बोटांत जीव आला. त्यांनी तिची तर्जनी धरली आणि दाबली. थांबले. मग मधलं बोट धरलं, दाबलं. मग त्याच्या शेजारचं. सरावाचा, हुशार हात होता तो, आणि तिला एवढ्या लक्षपूर्वक त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्पर्श केला होता. तो तिला परत मागत नव्हता. भाव चढवून मागत होता.

सगुणेचं रडणं थांबलं. शिडीवाला माणूस तिच्या बाजूने गेला, शेवटच्या खांबाशी शिडी लावून चढला, काच वर केली. काडी ओढल्याचा आवाज आला. दिवेलागणीला अजून क्षणभर अवकाश होता. तेवढ्या अवकाशात त्यांनी तिची करंगळीही दाबली.

तिने त्यांची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून करकचून दाबली. झाला सौदा.

गाडी आली तेव्हा त्रिंबकराव धावतच चढले. तीन वर्षांपूर्वी राजापूरहून निघतानाही त्यांचा चेहरा इतका उजळलेला नव्हता. त्यांना खिडकीजवळ जागा मिळालेली फलाटावर गठाणीपाशी उभ्या सगुणेला दिसली. शेजारची जागा मोकळी आहे का, असं एका म्हाताऱ्याने विचारलं असावं, कारण त्यांनी धोतराचा सोगा आवरून घेतला आणि बसा, बसा, असा हात केला.